नळातलं प्रेशर कुठं गेलं? एका छोट्या पंपाचा मोठा इतिहास

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय पाण्याचा आहे. पण नळ किती दिवसांनी येतो हा विषय नाही, त्यावर आपण दर आठवड्याला भांडतोच. आजचा विषय आहे पाण्याचं प्रेशर. आपल्या गावात त्यावर कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. सर्वसाधारण सभेत त्यावर प्रश्न विचारल्याचंही ऐकिवात नाही. आणि तरीही आपल्या प्रत्येकाच्या घरात या प्रश्नाचा एक पुरावा चालू स्थितीत ठेवलेला आहे.

स्वयंपाकघरातल्या आरओचं झाकण उघडा. आत मुठीत मावेल एवढा एक काळा पंप दिसेल. मशीन सुरू झालं की जी घरघर ऐकू येते ती त्याचीच. याला बूस्टर पंप म्हणतात. २४ व्होल्टवर चालतो, काही वर्षांनी थकतो, मग मेकॅनिक येऊन बदलून देतो आणि आपण विसरून जातो.

गंमत अशी, की ज्या अमेरिकेत हे तंत्र जन्माला आलं, तिथे सिंकखाली बसवलेल्या बहुतेक घरगुती आरओला हा पंप नसतो. तिथे तो जादा सामान म्हणून मिळतो, ज्याच्या नळाला दाब कमी त्याने वेगळा घेऊन बसवायचा. आपल्याकडे मात्र तो मशीनच्या पोटातच येतो. कारण मशीन विकणाऱ्याला आधीच माहीत आहे, की या देशातल्या नळाला प्रेशर नसणार!

ते का नाही, आणि पूर्वी होतं का, याचा हा थोडा इतिहास.

आपल्या मराठवाड्यापासूनच सुरुवात करू. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. या शहरासाठी त्याने नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराच्या बाजूचं जमिनीतलं पाणी गोळा करायचं, झाकलेल्या भुयारी नहरीतून उताराने शहरात आणायचं आणि हौदांत सोडायचं. ना वीज, ना इंजिन. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्की तर आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली आहे. काही किलोमीटरवरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणलं, भिंतीच्या आतून उंच चढवलं आणि वरून खाली पाडलं. त्या धारेवर चक्कीचं दगडी जातं फिरायचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी तिथे पीठ दळलं जाई. सहलीत आपण माशांना फुटाणे टाकले आणि परत आलो. पण बघण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. पाण्यात दळण दळण्याएवढा जोर होता, आणि तो जोर फक्त उंचीचा होता.

पुण्यातही तेच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधला आणि तिथून भुयारी नळाने पाणी शहरात आणलं. शनिवारवाड्याची कारंजी त्यावर होती, आणि पेठांतले हौदही त्यावरच भरत. वाडा आणि पेठ यांच्यात समानता नव्हती, तो काळच तसा होता. पण पाणी एकाच उताराने दोघांकडे येत होतं.

इंग्रजांनी मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आणलं, नंतर तुळशी, मग १८९२ मध्ये तानसा. शहराबाहेर उंचावर पाणी अडवायचं आणि उताराने आत आणायचं, सूत्र तेच. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन म्हणजे खरं तर पाण्याच्या जलाशयाचं छप्पर आहे. टेकडीवर पाणी साठवलं की खालच्या वस्तीला आपोआप दाब मिळतो.

हा हिशोब सोपा आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो प्रेशर (प्लंबर लोक ‘किलो’ म्हणतात ते हेच, एका चौरस सेंटीमीटरवर एक किलो भार). आपल्या गावातला जलकुंभ उंच खांबांवर उभा आहे तो लांबून दिसावा म्हणून नाही. त्याची उंची म्हणजेच तुमच्या नळातला जोर. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत याचे आकडे वर्षानुवर्षं छापलेले होते: एकमजली घरांच्या वस्तीत नळाला किमान सात मीटर दाब हवा, दुमजली असेल तर बारा, तीनमजली असेल तर सतरा. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही मोटार न लावता पाणी मिळालं पाहिजे, हे कागदावर ठरलेलं होतं.

मग बिघडलं कुठे?

एक कारण भूगोलाचं. शहरं वाढली, डोंगरातले झरे पुरेनात, धरणं आली. जायकवाडीचा नाथसागर खाली आहे आणि संभाजीनगर वर. ज्या शहरात कधीकाळी पाणी उताराने चालत येत होतं, तिथे आता ते पंपाने चढवावं लागतं. आपल्या गावाचंही तसंच. धरणाच्या जॅकवेलमधून शुद्धीकरण केंद्रापर्यंत एक पंप, तिथून जलकुंभावर चढवायला दुसरा. हे दोन्ही पंप सार्वजनिक. बिल नगरपालिकेचं, म्हणजे आपलं सगळ्यांचं. इथपर्यंत तक्रार नाही.

दुसरं कारण सवयीचं. पाणी अपुरं म्हणून ते पाळीने सोडायला सुरुवात झाली. आधी दोन वेळा, मग एक वेळ, मग दिवसाआड, मग चार दिवसांआड. नळाची रचना मात्र चोवीस तास भरलेल्या पाइपासाठी होती. तास-दीड तास पाणी सोडलं, की त्या तासात अख्खं गाव एकाच वेळी तोट्या उघडतं. जलकुंभ भराभर उतरतो. व्हॉल्व्हजवळच्या घरांत धो धो, आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला करंगळीएवढी धार.

इथे पंप नंबर तीन येतो. आपला लाडका टिल्लू.

अर्धा एचपीची छोटी मोटार, थेट नळाला जोडायची. बाजारात सर्रास मिळते आणि नळाला थेट लावायला मनाई आहे, हे दोन्ही सगळ्यांना ठाऊक आहे. मी या गावात पत्रकारिता सुरू केली तेव्हापासून दर उन्हाळ्यात ‘मोटारी जप्तीची धडक मोहीम’ ही बातमी लिहितोय. मथळा बदलायचीही गरज पडत नाही. चार मोटारी जप्त होतात, फोटो होतो, आणि आठ दिवसांत सगळं जैसे थे. मोटार लावणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. शेजाऱ्याने लावली म्हणून त्याने लावली, नाहीतर त्याच्या तोटीतून नुसती हवा आली असती. पण हिशोब बघा. टिल्लूने पाणी वाढत नाही, फक्त सरकतं. दुसऱ्याच्या पाइपातलं माझ्या हौदात. गल्लीत सगळ्यांनी मोटारी लावल्या की आपण पुन्हा होतो तिथेच, फक्त प्रत्येकाचं वीजबिल वाढलेलं. आणि ज्याच्याकडे मोटार नाही, तो संपला.

आमच्या भागात लाइनच्या शेवटाला पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. तिथल्या एक मावशी धुणीभांडी करतात. नळ यायच्या दिवशी त्या कामावर खाडा करतात, कारण हंडा भरायला वीस-वीस मिनिटं लागतात. मला म्हणाल्या, “भाऊ, ज्यांच्या घरी मी भांडी घासते त्यांच्या मोटारीचा आवाज आला की माझ्या नळाची धार तुटती. रागवू कुणावर? त्याच घरचा पगार खाते.” यावर मला काही बोलता आलं नाही.

आता यातला कमी बोलला जाणारा भाग. पाइप भरलेला आणि दाबाखाली असेल तर गळतीतून पाणी बाहेर जातं. वाया जातं, पण आतलं पाणी शुद्ध राहतं. पाइप रिकामा असेल, किंवा दहा मोटारी एकदम ओढायला लागल्या, तर उलटा प्रकार होतो. आत पोकळी तयार होते आणि त्याच गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत शिरतं. आपल्याकडे नळाची लाइन बऱ्याच ठिकाणी गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेली आहे. नळ आल्यावर सुरुवातीचं पाणी गढूळ, वासाचं येतं त्याचं एक मोठं कारण हे आहे. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघूनही घरात घाण येऊ शकतं. म्हणजे प्रेशर हा फक्त जोराचा प्रश्न नाही, तो शुद्धतेचाही प्रश्न आहे. पाइपात चोवीस तास दाब असणं हाच पाण्याचा पहिला फिल्टर.

तो फिल्टर आपण घालवला. मग दुसरा विकत आणला.

या दुसऱ्या फिल्टरचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. पेशवे कात्रजचं पाणी आणत होते त्याच सुमारास, १७४८ मध्ये, फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरूने एक प्रयोग केला. दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाचा पातळ पडदा बांधला आणि भांडं पाण्यात बुडवलं. बाहेरचं पाणी पडद्यातून आत शिरत गेलं आणि पडदा फुगला. पातळ द्रावातलं पाणी आपणहून दाट द्रावाकडे जातं, हे त्यातून दिसलं. मनुके पाण्यात टाकल्यावर फुगतात, तेच हे.

ही क्रिया उलटी करायची, म्हणजे खारट पाण्यातून गोडं पाणी बाहेर काढायचं, तर पलीकडून जोर लावावा लागतो. ‘रिव्हर्स ऑस्मोसिस’ मधला रिव्हर्स तो हाच. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी यासाठी उपयोगी पडेल असा पडदा तयार केला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कोलिंगा या छोट्या गावाला त्या तंत्राने पिण्याचं पाणी मिळू लागलं. तिथलं भूजल खारट होतं, पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागे. लक्षात घ्या, जगातला हा सुरुवातीचा आरओ कुणाच्या स्वयंपाकघरात बसला नव्हता. तो गावाचा होता.

पुढे १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट या संशोधकाने अधिक पातळ थराचा पडदा बनवला. कमी दाबावर जास्त पाणी मिळू लागलं आणि आरओ घरात मावण्याएवढा झाला. पण कमी दाब म्हणजे किती? घरगुती मेम्ब्रेनला नीट काम करायला साधारण चार किलो प्रेशर लागतं. आता गच्चीवरची टाकी बघा. दुमजली घर, खाली स्वयंपाकघर, उंची फार तर सहा-सात मीटर. म्हणजे अर्धा-पाऊण किलो. आणि बोअरचं पाणी हजार टीडीएसचं असेल, तर त्या क्षारांचा उलटा जोरच पाऊण किलोच्या आसपास असतो. म्हणजे पंपाशिवाय थेंबही धड निघणार नाही. चार किलो नुसत्या उंचीने मिळवायचे तर टाकी चाळीस मीटरवर हवी, तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर!

म्हणून बूस्टर पंप. आमच्याकडे नुकताच बदलला, तेव्हा मेकॅनिकला विचारून रचना समजून घेतली. गच्चीच्या टाकीतून पाणी आधी गाळाच्या कँडलमधून येतं, मग कार्बनमधून, मग पंपात. पंप ते मेम्ब्रेनवर दाबतो. मेम्ब्रेनच्या टाकाऊ पाण्याच्या नळीत एक बारीक अडथळा बसवलेला असतो, त्यामुळे आतला दाब टिकतो. पंपावर बाण असतो, पाणी त्याच दिशेने जायला हवं. पाणी नसताना पंप कोरडा फिरू नये म्हणून कमी दाबाला बंद होणारा स्विच असतो, तो आहे की नाही हे बसवतानाच विचारून घ्या. आणि पंप बदलायच्या आधी कँडल बदलून बघा. कँडल तुंबली तरी धार कमीच होते, आणि पंपाचे पैसे उगाच जातात. आरओ नळाच्या लाइनवर थेट न जोडता टाकीच्या लाइनवर जोडा. दाब कमी-जास्त झाला तरी मशीन सांभाळून घेतं.

तर मोजा आता. धरणातून पेल्यात येईपर्यंत पाणी किती वेळा ढकललं गेलं? जॅकवेलचा पहिला पंप, जलकुंभाचा दुसरा, गल्लीतला टिल्लू तिसरा, हौदातून गच्चीवर नेणारी मोटार चौथी, आणि आरओतला बूस्टर पाचवा. दोन सार्वजनिक, तीन खासगी. तिसरा पंप पाणी घाण व्हायला हातभार लावतो आणि पाचवा ते साफ करतो, दोन्हीचं बिल आपण भरतो.

आणि पाचवा पंप जेवढं शुद्ध पाणी देतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट बहुतेक घरांत मोरीत जातं. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात! मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्राला सांगितलं होतं, की जिथे टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथे आरओ वापरायला मनाई करा. कारण साधं होतं. क्षार कमी असतील तर आरओची गरजच नाही, जंतूंसाठी उकळणं किंवा यूव्ही पुरतं. भारतीय मानकातही पिण्याच्या पाण्याला पाचशेपर्यंतचा टीडीएस योग्य मानलाय. धरणाचं पाणी बहुतेक वेळा या मर्यादेत असतं. बोअरचं पाणी खारं असेल, फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल, तर मात्र आरओ लागतो, तिथे त्याला नावं ठेवू नयेत. म्हणून मशीन घेण्याआधी पाणी तपासा. विकणाऱ्याच्या मीटरवर नाही, प्रयोगशाळेत.

कुणी म्हणेल, हे असंच चालणार, आपल्याकडे सार्वजनिक काही टिकतच नाही. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली जुनी आहे आणि आपल्या शेजारची आहे. बोअर घ्यायला सुरुवात झाली तेव्हा गावोगावी बिडाचे हातपंप बसवले. ते पंप मुळात परदेशातल्या एका कुटुंबाच्या परसासाठी आखलेले. इथे त्यावर अख्खं गाव दिवसभर पाणी ओढायचं, मग ते मोडायचे. तेव्हा जालना आणि सोलापूरला काम करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी आणि तिथल्या कारागिरांनी पंपाची रचनाच बदलली, गावाचा मार सोसेल अशी. ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ या नावांनी ते ओळखले गेले. सोलापूर पंपाच्या धर्तीवरच १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ हातपंप तयार झाला आणि पुढे जगातल्या कितीतरी देशांत गेला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना विचारा, हातपंपाने काय केलं. एका घराचं यंत्र गावाचं कसं करायचं, हे आपल्याच मातीत शिकलेलं शहाणपण आहे. टिल्लू आणि बूस्टरच्या काळात आपण नेमका उलटा प्रवास केला. गावाचा दाब घराघरांत वाटून टाकला.

दुसरी गोष्ट अलीकडची. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. आपल्यासारखंच छोटं गाव. तिथल्या नगरपंचायतीने या शतकाच्या पहिल्या दशकात चोवीस तास पाणी योजना आणली. लाइन नव्या, प्रत्येक नळाला मीटर, जो जास्त वापरेल त्याला जास्त दर. पाणी कधीही येतं म्हटल्यावर साठवायची घाई संपते, आणि भरलेल्या पाइपावर टिल्लू लावायचं कारणच उरत नाही. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये तर थेट नळाचं पाणी प्या असं जाहीर केलं. यात्रेचं शहर, लाखोंची वर्दळ, तरीही.

मीटर म्हटलं की आपल्याकडे विरोध होतो, मला माहीत आहे. गरिबाच्या पहिल्या काही हंड्यांना अगदी नाममात्र दर ठेवला तर तो विरोध मावळू शकतो. आजही पाणी फुकट नाहीच. मावशी खाडा करून त्याची किंमत देतात, आणि आपण टिल्लू, मोटार, आरओ, कँडल, मेम्ब्रेन, वार्षिक देखभाल करार असे हप्ते भरतो. घरातले हे पाण्याचे खर्च एकदा कागदावर मांडा आणि नगरपालिकेच्या पाणीपट्टीशेजारी ठेवून बघा.

माझी मागणी लहान आहे. चोवीस तास पाणी द्या असं मी एका दमात म्हणणार नाही. आधी प्रेशर मोजा. दाब मोजायचा काटा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतो. प्रत्येक प्रभागात व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या नळाला आणि लाइनच्या शेवटच्या नळाला, पाणी सुटलेलं असताना, काटा लावा आणि दोन्ही आकडे नगरपालिकेच्या फलकावर दर महिन्याला लिहा. पहिल्या आणि शेवटच्या नळातला फरक म्हणजे गळती किती, मोटारी किती आणि अन्याय किती, याचा ढोबळ हिशोब. मत मागायला येणाऱ्याला रस्ता-गटाराबरोबर हा एक प्रश्न विचारा: आमच्या शेवटच्या नळाला किती मीटर दाब देणार? सात, बारा की सतरा?

मी स्वतः दोन काटे आणलेत. पुढच्या पाळीला आमच्या प्रभागातले आकडे इथेच टाकतो. तुमच्या गल्लीत कुणी मोजायला तयार असेल तर कमेंटमध्ये प्रभाग आणि नळ यायची वेळ लिहा, काटा घेऊन मी येतो. फक्त त्या तासाभरासाठी गल्लीतल्या मोटारी बंद ठेवा. तेवढं एकदा करून बघू, शेवटच्या घरी धार कशी येते ते.